फुलावहिनींनी दिलेले गुण

त्या सकाळी मी दुर्गच्या भाजीबाजारात होतो. मेथीची जुडी हातात होती आणि भाजीवालीशी भाव चालला होता, तेवढ्यात नीलेशचा फोन आला. "काका, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मग सांगितलं, "चहा घेऊन गेलो तर उठलीच नाही." मी जुडी परत टोपल्यात ठेवली. "का होगे भैया?" भाजीवालीने विचारलं. माझी वहिनी गेली असं तिला सांगितलं असतं तर पुरलं असतं, पण मी आधीच वळून रिक्षाला हात केला होता. तसाच भिलाईतल्या कोहक्याला, वहिनींच्या घरी गेलो.

याला आता सहा आठवडे झाले. भेटायला आलेल्यांपैकी दोघातिघांनी, आपल्या मराठी मंडळातल्याच, जाताना हळूच विचारलं, "त्या वाईनवाल्या बाई त्याच ना?" विचारताना ओठाच्या कोपऱ्यात जरा हसू होतं. मला राग आला नाही. बाहेरच्यांना तेवढंच माहीत होतं. भिलाईसारख्या पोलादाच्या गावात, आयुष्यभर प्लांटच्या कँटीनमध्ये भात शिजवलेली, नऊवारीतून पाचवारीवर आली तीच मोठी मजल मानणारी बाई आल्प्सच्या डोंगरातल्या लाल वाईनला गुण देते, हे ऐकून कोणीही हसेल. पण ती बाई कोण होती आणि त्या ग्लासात काय शोधत होती, ते मला माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो. लिहिण्याची सवय नाही, पार्सल ऑफिसातल्या नोंदींपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. सांभाळून घ्यावं.

त्यांचं नाव पंचफुला. तिरोड्यापलीकडच्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी माझ्या मोठ्या भावाशी, राजारामदादाशी लग्न होऊन भिलाईत आल्या. दादा प्लांटमध्ये कोक ओव्हनवर होता. कोळसा बंद भट्ट्यांमध्ये भाजून त्याचा कोक करतात ते खातं. तिथल्या धुराला आणि डांबराला असा वास असतो, की माणूस दोनदा आंघोळ करो, तो कातडीत राहतोच. मी तेव्हा नुकताच रेल्वेत लागलो होतो आणि दादाच्या क्वार्टरमध्येच जेवायला असायचो. नवी वहिनी दादाचे कपडे धुवायला टाकण्याआधी एकदा तोंडाजवळ नेते, हे मी पाहिलं होतं. मला वाटायचं किती मळलेत ते बघत असेल.

त्यांचं नाक तिखट होतं. शेजारच्या क्वार्टरमध्ये डाळ लागली की इथून हाक मारायच्या. तांदूळ नवा की जुना, तूप कुठल्या दुकानातलं, हे न चाखता सांगायच्या. पण हे सगळं कौतुकाचं फार वर्षं राहिलं नाही. वैशाली आणि नीलेश झाल्यावर, साधारण त्याच सुमारास, दादा पिऊ लागला. कावून पिऊ लागला, ते मला आजही सांगता येणार नाही. ड्युटी सुटली की खुर्सीपारच्या गुत्त्यावर जाऊन बसायचा. आणि वहिनींचं ते नाक आता दाराशी उभं राहून एकच काम करायचं. एकदा मी जेवत असताना दादा आला आणि सरळ आतल्या खोलीत गेला. वहिनी माझ्या ताटात वरण वाढत म्हणाल्या, "आज मोहाची घेतली यायनं. काल अंग्रेजी होती."

"तुमाले कसं समजते, वहिनी?"

"मोहाची पहिल्यांदा गोड येते नाकात. मंग सडल्यासारखी." आणि मग, भात घेऊन येत, "मले आता डांबर येतच नाही भाऊजी. नुसती हेच येते."

तेव्हा मला त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता.

दादाचं लिव्हर गेलं. डॉक्टरांनी थेंबही द्यायचा नाही म्हणून बजावलं. वहिनींनी घरात कडक पहारा ठेवला, तीन महिने. एके दिवशी दुपारी त्या वैशालीच्या शाळेत गेल्या होत्या आणि मी दादाजवळ बसलो होतो. पोट फुगलेलं, हातपाय काड्या झालेले. तो काही मागत नव्हता, नुसता माझ्याकडे पाहत होता. शेवटी म्हणाला, "बाबू, दोन घोट. मंग नाही मागणार." मी बाहेर गेलो आणि खिशात घालून एक लहान बाटली घेऊन आलो. त्याला दोन नाही, चार घोट दिले. बाटली नाल्यात टाकली, त्याचं तोंड पुसलं, खिडकी उघडली, उदबत्ती लावली. वहिनी परत आल्या. दारात क्षणभर थांबल्या. मग आत गेल्या आणि चहा ठेवला. बाराव्या दिवशी दादा गेला. नीलेश सहा वर्षांचा होता.

त्या चार घोटांनी तो गेला असं कुठला डॉक्टर म्हणणार नाही, हे मला समजतं. पण माणसाच्या मनाला डॉक्टरचं म्हणणं कुठे पटतं. मी त्यानंतर दारूला हात लावला नाही आणि वहिनींच्या डोळ्याला डोळा भिडवून कधी नीट बोललोही नाही. त्यांना अनुकंपेवर कँटीनमध्ये नोकरी मिळाली, पोरं शिकली, निवृत्त झाल्यावर कोहक्याला दोन खोल्यांचं घर झालं. लागेल तिथे धावून जात होतो मी. पण समोर बसलो की आधी खिडकीकडे पाहायचो.

वैशाली इंजिनीअर झाली. लग्नही भिलाईतच शिकलेल्या एका तेलुगू मुलाशी केलं, आणि ती दोघं रोलिंग मिलची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला इटलीला गेली. उत्तरेला आल्प्समध्ये वाल्तेल्लिना नावाचं खोरं आहे, तिथे. वैशालीच्या बाळंतपणाला वहिनी निघाल्या तेव्हा त्यांनी नागपूरच्या पुढे पाऊल टाकलेलं नव्हतं. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि मोठा स्वेटर. मी काही तिथे गेलेलो नाही, वहिनींनी आणि वैशालीने सांगितलेलंच सांगतो. डोंगर सरळ उभा, आणि त्या उभ्या डोंगरावर दगडांच्या भिंती रचून पायऱ्या केलेल्या. एकेका पायरीवर द्राक्षाच्या दोनचार ओळी. बैल चढत नाही, ट्रॅक्टर चढत नाही. माणसं पाठीवर टोपल्या घेऊन द्राक्षं उतरवतात. "आपल्या बांधावरच्या तुरीसारखं लावते ते लोक, भाऊजी. पण बांधच बांध, वावरच नाही."

वैशालीची घरमालकीण लुचिया, सत्तरीची, नवरा नसलेली. खालच्या तळघरात तिची वाईन, वर भाडेकरू. वहिनी रोज बाळाची दुपटी वाळत घालायला मागच्या अंगणात जायच्या, त्या तळघराच्या दारावरून. पहिल्या दिवशी पदर नाकाला लावून गेल्या. चौथ्या दिवशी वैशालीला म्हणाल्या, "खालचा एक पिपा बिघडून राहिला. ओल्या गोणपाटाचा वास येते. सांग तिले."

"आई, ते लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करते. त्यायले समजत नसेल का?"

"समजत असेल तर सांगून काय बिघडते. नसेल समजत तर तिचं सालभराचं पाणी होऊन राहिलं ना."

वैशालीने दोन दिवस टाळलं, मग लाजत सांगितलं. लुचियाने प्रत्येक पिंपातून थोडी थोडी काढून पाहिली, तिला काही लागलं नाही. तरी पाहुणीचा मान म्हणून वहिनींनी बोट दाखवलेलं दाराजवळचं तिसरं पिंप तिने बाकीच्यांत मिसळायचं थांबवलं. पंधरा दिवसांनी त्या पिंपाला बुरशीचा वास सगळ्यांनाच येऊ लागला. लुचिया वर आली, वहिनींचे दोन्ही गाल धरले आणि काहीतरी बोलली. वैशालीने अर्थ सांगितला, "आई, ती म्हणते तुझं नाक तिला दे."

असं ते सुरू झालं. गावातले सहा जण, सगळे लहान द्राक्षवाले, थंडीत एकमेकांच्या वाईन चाखून गुण द्यायचे. बाटल्यांना कागद गुंडाळायचा, वर नुसते आकडे, म्हणजे कोणाची कोणती ते कळू नये. वीसपैकी गुण. रंगाला तीन, वासाला आठ, चवीला सहा, आणि तोंड रिकामं झाल्यावर जे मागे राहतं त्याला तीन. लुचियाने वहिनींना बोलावलं. वहिनींनी अट घातली, वास घेईन, तोंडात घेणार नाही. पहिल्या दोन बैठकींना तसंच केलं. पण वैशाली म्हणते, वासाच्या आठ गुणांत त्या सहा जणांनी आईकडे पाहायला सुरुवात केली होती. आई म्हणायची 'करवंद', 'चिंचेचा कोळ', 'तेंदूपत्त्याची गड्डी, उन्हातली', आणि वैशाली कपाळाला हात लावून त्याचं इटालियन शोधायची. करवंदाला काय म्हणणार?

तिथे एक वाईन वाळवलेल्या द्राक्षांची करतात. घड तोडून माळ्यावर फळ्यांवर पसरायचे, दोनतीन महिने सुकू द्यायचे आणि मग त्याचा रस काढायचा. लुचिया तो माळा दाखवायला घेऊन गेली आणि वहिनी दारातूनच मागे फिरल्या. आपल्याकडे अंगणात मोह वाळत घालतात, हुबेहूब तसा वास, गोड आणि जड. वैशालीला वाटलं आईला चक्कर आली. लुचियाने काही विचारलं नाही, जिन्यात त्यांच्याजवळ बसून राहिली. मग वैशालीला मध्ये घेऊन वहिनींनी तिला दादाचं सगळं सांगितलं. आईने हे आपल्यालाही कधी एवढं सांगितलं नव्हतं, वैशाली म्हणते. लुचिया ऐकून घेऊन म्हणाली, "माझा बापही तसाच गेला. म्हणून मी थुंकते." आणि तिने वहिनींना थुंकायला शिकवलं. घोट तोंडात घ्यायचा, फिरवायचा, नाकातून श्वास सोडायचा आणि भांड्यात टाकून द्यायचा. वहिनी तीनदा इटलीला गेल्या, शेकड्याने वाईन चाखल्या असतील. त्यांच्या घशाखाली एक थेंब गेला नाही. हे मी कोणाहीसमोर सांगायला तयार आहे.

पहिल्यांदा परत आल्या तेव्हा बॅगेत दोन बाटल्या होत्या, लुचियाने गुण द्यायला दिलेल्या. नीलेशने त्या कपाटात पाहिल्या. नीलेश प्लांटमध्येच एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. लग्न केलं नाही. सुपारीसुद्धा खात नाही. सहा वर्षांच्या पोराला बापाचं काय आठवणार, तर खुर्सीपारच्या रस्त्यावर पडलेला बाप आणि त्याला उठवायला गेलेली आई, एवढंच. तो ओरडला नाही. "आई, ज्यानं आपलं घर खाल्लं ते तू कपाटात ठेवशील?"

"मी पीत नाही ना बापू."

"पीत नाही तर मंग कायले पाहिजे? समझाव ना मले."

वहिनी बाटल्या पिशवीत घालून ऑटोने दुर्गला माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडे ठेवा. मी रविवारी येत जाईन." दारू सोडलेल्या माणसाच्या घरी बाटल्या. माझी बायको म्हणाली राहू द्या. तिने फक्त एवढं विचारलं की रविवारी फोडणी घालायची की नाही. "नका घालू," वहिनी म्हणाल्या, "हिंगापुढं काही समजत नाही."

त्या रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वैशालीने दिलेले दोन पातळ ग्लास, थुंकायला एक स्टीलचा गंज, म्हणजे उभं पातेलं, आणि वहिनींची शाळेची वही. त्यांनी बाटली उघडली, ग्लासात चार चमचे ओतली, उजेडाकडे धरली. रंग पातळ, कडेला विटकरी. मग नाक आत घातलं आणि डोळे मिटले. किती वेळ तशा बसल्या होत्या. मला वाटलं झोप लागली.

"काय आहे?" मी विचारलं.

"गुलाब हाय. वाळलेला, चुरगळलेला. आणि..." त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला. "पहा."

मी वास घेतला. मला दारूच आली. माझं नाक तसंच आहे, साधं. "काही समजत नाही, वहिनी."

"डांबर हाय भाऊजी. कोक ओव्हनचं. तुमचे दादा ड्युटीवरून यायचे ना, तवा शर्टाले यायचा तो. प्यायच्या आधीचा." त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "लग्नानंतरचे सहासात साल मले हाच वास येत होता. मंग दारूनं झाकून टाकला. ते गेले तरी मले आठवाले दारूच आठवे. आता तिकडं, तिसऱ्याच ग्लासात सापडले मले ते."

मी खिडकीकडे पाहत होतो, नेहमीसारखा. मग काय झालं कोण जाणे, मीच बोलायला लागलो. ती दुपार, ती लहान बाटली, चार घोट, उदबत्ती. तीस वर्षं जे गिळून बसलो होतो ते बोललो. वहिनींनी वहीत रंगाचे गुण लिहिले, दोन, आणि म्हणाल्या, "मले तवाच समजलं होतं. अंग्रेजी होती. उदबत्ती मोगऱ्याची."

"मग बोलल्या कावून नाही?"

"काय बोलू. तीन महिन्यांत त्या दिवशी ते बरे झोपले. मी देऊ शकली नसती, भाऊजी. तुमी दिली, बरं झालं." आणि वही माझ्याकडे सरकवली. "वासाले सात लिहा. माझा हात वला हाय."

त्यानंतर मी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू लागलो. वय साठीच्या पुढे गेलं होतं आमचं दोघांचंही.

वर्षाला चार बाटल्या यायच्या, वैशाली आणि जावई सुट्टीत येताना घेऊन यायचे. आम्ही त्या चार रविवारी पुरवायचो. मी थुंकायला शिकलो. वहिनी फोनवर गुण सांगायच्या, वैशाली लुचियाला कळवायची. त्या कोणाची भीड ठेवत नसत. लुचियाच्याच एका सालच्या वाईनला त्यांनी अकरा दिले, कारण 'तवा जास्त तापला' होता. त्या वर्षी तिथे उन्हाळा भयंकर झाला होता म्हणे. सतराच्या वर त्यांनी कधी कोणाला दिलं नाही. अठरा कावून नाही, मी विचारायचो. "पुढच्या सालाले काही ठेवा लागते ना." हळदीकुंकवाला बायका कुजबुजायच्या हे त्यांना माहीत होतं. एकीने तोंडावर विचारलं तर सांगितलं, "हो, चाखते. थुकून देते. तुमच्या यायले शिकवू का?" मग पुन्हा कोणी विचारलं नाही. फक्त नीलेशपुढे हा विषय निघत नसे. रविवारी आई काकाकडे जाते एवढंच त्या घरात बोललं जायचं. मायलेकांत भांडण नव्हतं. एक दार बंद होतं आणि दोघंही त्याच्या बाजूने चालत होती.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी वहिनींना ताप आला. चार दिवस सर्दी-ताप, साधाच. त्या उठल्या, फिरू लागल्या, पण बारीक होत गेल्या. जेवण जात नाही म्हणायच्या. महिनाभराने नीलेश पहिली पाळी करून घरी आला तर फाटकापासून गॅसचा वास. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, गॅस तसाच सुरू, आणि वहिनी तिथेच चार हातांवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्याने खिडक्या उघडल्या, त्यांना अंगणात आणून बसवलं. मग विचारलं, "आई, तुले वास नाही आला?" त्याने आतून हिंगाची डबी आणली आणि त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी मान हलवली... नाही. नीलेशने मला फोन केला तेव्हा तो रडत होता. बाप गेला तेव्हाही तो मला रडलेला आठवत नाही.

डॉक्टर म्हणाले येईल कदाचित परत, नाहीही येणार. वैशालीला सांगायचं नाही अशी वहिनींची ताकीद होती. त्या दिवसापासून नीलेशने एक नवीन काम अंगावर घेतलं. स्वयंपाकघरात उभा राहून तो मोठ्याने सांगायचा, "आई, फोडणीत लसूण लाल झाला. जिऱ्याचा वास येऊन राहिला, जरासा करपट." वहिनी पलंगावरून ऐकायच्या आणि गुण द्यायच्या. "बारा." तो म्हणायचा, "अरे यार, इतकी मेहनत केली आणि बारा?" पोराचं हिंदी, आईचं मराठी, चालायचं.

हिवाळ्यात वैशाली येऊन गेली. चार बाटल्या माझ्याकडे ठेवून गेली. वहिनींनी तिच्यासमोर सर्दी झाल्याचं सोंग केलं, नंतर चाखून सांगते म्हणाल्या. ती गेल्यावर बाटल्या तशाच पडून राहिल्या. लुचिया विचारते आहे, दोनदा निरोप आला. तिची तब्येतही बरी नव्हती, ही तिची शेवटची वाईन, पुढच्या वर्षी मळे भाच्याला देणार म्हणे. मी नीलेशला फोनवर हे बोलता बोलता सांगून गेलो. काही हेतू नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात स्कूटर थांबली. नीलेश आत आला नाही. "काका, त्या बाटल्या द्या." मी पिशवीत भरून दिल्या. "तुमी पण चला," तो म्हणाला. "मले उघडता येत नाही."

कोहक्याच्या त्या स्वयंपाकघरात वहिनी खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर वही. आम्हाला बाटल्या घेऊन आत येताना पाहून त्या उठायला लागल्या, जणू त्याच पकडल्या गेल्या होत्या. नीलेशने त्यांना खांदा धरून बसवलं. मी बूच काढलं. त्याने ग्लास असा धरला होता जसं काही गरम असावं. आयुष्यात पहिल्यांदा. वास घेतला आणि तोंड फिरवलं. "दारू आहे, आई. और क्या."

"पहिल्यांदा तेच येते. दम घे. पुन्हा पाह्य."

त्याने पुन्हा घेतला. "फूल. सुकलेलं. बाबांच्या फोटोच्या हाराचं असते ना... तसं."

"मंग?"

"चिंच थोडी." तो थांबला. तिसऱ्यांदा नाक आत घातलं आणि तिथेच राहिला. मग माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. तो रोज प्लांटमध्ये जातो, त्या भट्ट्यांच्या बाजूने. "आई, यात कोक ओव्हन आहे. सच में. डांबर येऊन राहिलं."

वहिनींनी वही मिटली. "तो तुझ्या बाबाचा वास हाय, बापू. तुले माहीत नाही तो. तू झाला तवा संपत आला होता." मग त्यांनी त्याला सांगितलं, दादा ड्युटीवरून यायचा ते, शर्ट दाराच्या खिळ्याला लावायचा ते, वैशालीला खांद्यावर घेऊन सेक्टरच्या बागेत जायचा ते. मला माहीत होतं तेही आणि मला माहीत नव्हतं तेही. नीलेश ग्लास हातात धरून ऐकत होता. मधूनमधून नाकाशी नेत होता. प्यायला नाही. वहिनींनी त्याच्या हातून ग्लास घेतला, घोट तोंडात घेतला, फिरवला, गंजात टाकला. चव तेवढी त्यांची अजून थोडी शाबूत होती, आंबट आणि तुरट समजत होतं.

"लिहा भाऊजी. रंग तीन. वास..." त्यांनी नीलेशकडे पाहिलं. "तू सांग."

"आठ," नीलेश म्हणाला.

"पुरे आठ? पहिल्याच खेपेले?"

"आठ, आई."

मी आठ लिहिले. चव पाच, शेवट दोन. बेरीज अठरा. वहिनींनी बेरीज दोनदा तपासली आणि खोडली नाही. त्या दुपारी त्यांनी वैशालीला नाकाचं खरं काय ते फोनवर सांगून टाकलं आणि हेही सांगितलं की या वेळचे वासाचे गुण नीलेशचे आहेत, लुचियाला तसं कळव. लुचियाचा निरोप आला तो वैशालीने वाचून दाखवला. "मुलाला सांगा, मी ते गुण ठेवून घेतले."

राहिलेल्या तीन बाटल्याही त्यांनी तशाच चाखल्या, मायलेकांनी, रविवारी रविवारी. मला बोलावलं नाही, आणि मला ते फार बरं वाटलं. शेवटची झाली त्यानंतर आठ दिवसांनी वहिनी झोपेत गेल्या.

मी आता रविवारी कोहक्याला जातो. घर तसंच आहे, वहिनींच्या पलंगावरची चादर बदललेली आहे, बाकी काही नाही. मी बाहेरच्या खोलीत बसतो आणि नीलेश चहा ठेवतो. भिंतीपलीकडून त्याचा आवाज येतो, जरुरीपेक्षा मोठा. "आलं कोवळं आहे. दूध थोडं लागलं वाटते... पत्ती नवीन आहे, कडक वास येऊन राहिला." मग तो थांबतो. पहिल्या रविवारी ते थांबणं मला सोसवेना, मी उठून अंगणात गेलो. दुसऱ्या रविवारी मी बसल्या जागेवरून म्हणालो, "तेरा."

आत भांड्याचा आवाज थांबला. मग गाळणी आपटल्याचा आवाज आला.

"आई अकराच्या वर गेली नसती, काका," नीलेश म्हणाला, आणि चहा घेऊन बाहेर आला.